पन्नास प्रश्नांचा पूर्वज

अमेरिकेत मालाचा मोठा ट्रक चालवायचा असेल तर स्टीअरिंगला हात लावण्याआधी पेपर द्यावा लागतो. बहुतेक राज्यांत ट्रक चालवण्याच्या सर्वसाधारण माहितीचे ५० प्रश्न असतात, त्यांतले ४० बरोबर यावे लागतात. गाडीला एअर ब्रेक असतील तर त्यांचा पेपर वेगळा. ट्रेलर जोडायचा, टँकर न्यायचा, धोकादायक रसायने वाहायची, तर त्या प्रत्येकाचा आणखी एकेक. उमेदवार राज्याची जाडजूड पुस्तिका घेऊन आठवडेच्या आठवडे घोकंपट्टी करतात.

या परीक्षेचा पूर्वज मात्र अगदी निराळ्या स्वभावाचा होता. १९७० साली अमेरिकी केंद्र सरकारने आंतरराज्य मालवाहतुकीच्या चालकांसाठी नवे नियम केले आणि त्यांत लेखी परीक्षा घातली. प्रश्न ६६, सगळे सुरक्षा-नियमांवरचे. ती घ्यायची कंपनीने. चालकाला नियमांचे पुस्तक आधी हातात द्यायचे आणि पेपर सोडवताना ते उघडून बघायला हरकत नाही. वेळेचे बंधन नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी उत्तरे चालतील. आणि नापास कोणीच नाही! ही परीक्षा शिकवण्यासाठीच आहे, तिच्यातल्या कामगिरीवर चालकाची पात्रता ठरणार नाही, असे नियमातच नमूद होते. माणूस पुस्तक चाळून उत्तर शोधतो तेव्हा तो नियम निदान एकदा तरी नीट वाचतो, हा त्यामागचा विश्वास मला आजही मोलाचा वाटतो. उणीव होती ती दुसरीकडे. परीक्षक स्वतः कंपनी होती, आणि जिचा माल अंगणात खोळंबला आहे तिने चालकाला पेपरापाशी किती वेळ बसू द्यायचे, हे बघायला तिथे तिसरे कोणी नव्हते.

त्याहून मोठे भगदाड परवान्यांतच होते. तेव्हा परवाना ज्याच्या त्याच्या राज्याचा. अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर अजस्र ट्रेलर-ट्रक चालवणे कायदेशीर होते. शिवाय एकच माणूस तीन-चार राज्यांचे परवाने खिशात बाळगी. एका ठिकाणी वेगाबद्दल पकडला की हा दाखव, दुसरीकडे दारूबद्दल पकडला की तो. गुन्हे असे वाटले जात की कुठलाच परवाना रद्द होण्याइतका भरत नसे. १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीचा धंदा खुला झाला, नव्या कंपन्या आल्या, तेव्हा हे चालवून घेणे आणखी अवघड झाले.

२७ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने एका चालकाला एकच परवाना ठरवला. सगळ्या राज्यांच्या नोंदी जोडणारी संगणकप्रणाली उभी राहिली, ज्ञानाच्या व कौशल्याच्या चाचण्यांना देशभर किमान दर्जा आला, आणि नवा परवाना घ्यायला १ एप्रिल १९९२ ही अखेरची मुदत ठरली. परवाने राज्येच देत राहिली, पण उत्तीर्ण होण्याची ८० टक्क्यांची रेघ सर्वांना एकच झाली. कंपनीची ती जुनी परीक्षा पुढे १९९० च्या दशकातच नियमांतून गेली.

पुस्तिकेत घोकायचे असते तरी काय? ताशी ५५ मैल वेगात अडथळा दिसून मेंदूला कळेपर्यंत गाडी १४२ फूट जाते, पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत आणखी ६१, आणि ब्रेक लागल्यावर थांबेपर्यंत २१६, एकूण ४१९. एअर ब्रेकमध्ये हवा नळ्यांतून चाकापर्यंत पोहोचायला क्षणभर जातो, त्या क्षणाचे वर ३२ फूट. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून मिनिटभर काट्याकडे बघायचे: एकट्या ट्रकचा हवेचा दाब तीन पौंडांपेक्षा, जोडगाडीचा चारपेक्षा जास्त उतरता कामा नये. हे आकडे रस्त्यावर अनुभवाने शिकायचे म्हटले तर तो अनुभव बहुधा शेवटचाच ठरेल. म्हणूनच ते कागदावर शिकायचे.

निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून कुठे काही सैल झाले आहे का, लोंबते आहे का, हे बघण्यावर तर पुस्तिकेत पानेच्या पाने आहेत. नोव्हेंबर १९९४ मध्ये विस्कॉन्सिनात, मिलवॉकीजवळ, एका ट्रकचा मागचा भाग सुटून रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या व्हॅनची इंधनटाकी त्यावर आदळून फुटली आणि आगीत एकाच घरातली सहा भावंडे गेली. भाग लोंबतो आहे हे इतर ट्रकवाल्यांनी रेडिओवरून ओरडून सांगितले होते, पण चालकाला इंग्रजी कळत नव्हते. त्याचा परवाना इलिनॉयचा, लाच देऊन मिळवलेला असल्याचे पुढे तपासात आले. ते धागेदोरे परवाना-कार्यालयांतून वर वर गेले. त्या काळी परवाना खाते सांभाळणारे आणि नंतर राज्यपाल झालेले जॉर्ज रायन २००६ साली भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले. विकलेल्या परवान्यांचा पैसा त्यांच्या निवडणूक-निधीत पोहोचला होता.

परीक्षेपूर्वी प्रशिक्षण असावे, हे अमेरिकी काँग्रेसला १९९१ सालीच सुचले होते. तो नियम प्रत्यक्ष लागू व्हायला ७ फेब्रुवारी २०२२ उजाडला. आता नवख्याला नोंदणीकृत संस्थेत आधी सिद्धान्त शिकून तिथल्या चाचणीतही ८० टक्के मिळवावे लागतात. पण किती तास शिकवायचे, याचे किमान बंधन त्या नियमात नाही. जलद उरकणाऱ्या संस्थांना ही मोकळीक द्यायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.