डोंगरगावचा बिनडोक्याचा सरडा

आमच्या लोह्याच्या शिवारात विहीर खोदली की माती, मुरूम आणि मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, म्हणून आमच्याकडे डायनोसॉर सापडायची आशा नाही. पण विदर्भात काही ठिकाणी या पाषाणाखालचे जुने थर उघडे पडले आहेत. त्यांना लॅमेटा थर म्हणतात.

वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. त्याच तालुक्यात डोंगरगाव आणि पिसदुरा ही गावं आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच पिसदुऱ्याची हाडं जमवली होती. पुढे 1984 ते 1986 या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी डोंगरगावला एक सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन छापलं. 2003 मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं : इसिसॉरस. त्यातलं 'इसि' म्हणजे त्या संस्थेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं.

मान, पाठ, शेपटी यांचे मणके, बरगड्या, कंबर आणि पुढच्या पायाची हाडं एवढंच मिळालं. त्या सांगाड्याला डोकं नाही, मागचे पायही नाहीत. तरी पुढच्या पायाचं वरचं हाडच जवळजवळ दीड मीटर. म्हणजे आपल्या खांद्याच्याही वर येईल!

हा प्राणी शाकाहारी होता. डोकंच नाही, तर काय खात होता हे कसं कळावं? त्याचं उत्तर पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या शेणात मिळालं. हे शेण बहुधा याच्याच जातकुळीतल्या प्राण्यांचं. 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म कण दाखवले. तोवर डायनोसॉर संपल्यानंतर गवत आलं, असंच बहुतेक जण मानत होते. जगाचा समज बदलला तो वरोऱ्याच्या शेणाने!

मला एवढंच वाटतं की संस्थेचं नाव त्या प्राण्याला कायमचं चिकटलं, डोंगरगावचं मात्र निसटलं. आमची मुलं परदेशी डायनोसॉरांची नावं घडाघडा सांगतात. त्यांना नकाशावर वरोरा दाखवा. आणि हेही सांगा, की अजून डोकं सापडायचं आहे.