ध्रुवित प्रकाश आणि धुक्याचा भेद

धुके प्रकाश अडविते, ही समजूत अपुरी आहे. धुक्यातील जलकण दृश्य प्रकाश फारसा शोषीत नाहीत. ते तो सर्व दिशांना विखुरतात. वस्तूकडून सरळ आलेला अल्प प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो, परंतु विखुरलेल्या प्रकाशाच्या पांढुरक्या पडद्यात तो लोपतो. प्रश्न आहे तो या दोहोंस वेगळे ओळखण्याचा. आणि ओळखीची खूण म्हणजे ध्रुवण होय.

या खुणेचा इतिहास एका खनिजापासून सुरू होतो. आइसलँडमधील पारदर्शक कॅल्साइटातून पाहिले असता वस्तू दुहेरी दिसते, हे बार्थोलिन याने 1669 मध्ये वर्णिले. वर्ध्यालगतचे सिंदी मेघे ज्या दख्खनच्या बेसाल्टी प्रदेशात वसले आहे, तेथील खडकांच्या पोकळ्यांतही कॅल्साइट आढळते. पुढे 1808 मध्ये मालुस याने परावर्तित प्रकाशातही हाच गुण पाहिला व चुंबकाच्या ध्रुवांवरून त्यास नाव दिले. प्रकाशकणांना ध्रुव असतात ही त्यामागील कल्पना टिकली नाही. नाव मात्र टिकले. मराठीतील ‘ध्रुवण’ या संज्ञेत ‘ध्रुव’ म्हणजे अढळ हा अर्थही ध्वनित होतो, आणि प्रस्तुत विषयास तोच अधिक साजतो.

आकाशाचा प्रकाश ध्रुवित असतो, हे आरागो याने 1809 मध्ये दाखविले. रॅले याने 1871 मध्ये त्याची मीमांसा केली. हवेच्या सूक्ष्म रेणूंवरून एकदाच विखुरलेला प्रकाश ध्रुवित होतो. धुक्यात मात्र प्रकाश असंख्य जलकणांवर वारंवार आदळतो व आपली मूळ दिशा गमावून बसतो. जे प्रकीर्णन एके ठिकाणी ध्रुवण निर्माण करते, तेच दुसरीकडे ते नष्ट करते. हा नाशच उपयुक्त ठरला: ज्याने ध्रुवण राखले, तो प्रकाश बहुतांशी सरळ आलेला असतो.

प्राण्यांच्या दृष्टीपासून स्फूर्ती घेऊन, परस्परलंब ध्रुवणांच्या दोन प्रतिमांची वजाबाकी करण्याची पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी 1995 मध्ये मांडली. दोन्ही प्रतिमांत सारखाच उतरणारा धुक्याचा उजेड वजाबाकीत नाहीसा होतो.

भारतात या विषयाचा धागा बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेशी जुळतो. 1910 च्या सुमारास नागपुरास अर्थखात्यात अधिकारी असलेले चंद्रशेखर व्यंकट रामन पुढे प्रकीर्णनाच्या अभ्यासाने विख्यात झाले व 1948 मध्ये त्यांनी ही संस्था स्थापिली. तेथील हेमा रामचंद्रन आणि फ्रान्समधील रेन येथील संशोधक यांनी 2014 मध्ये संयुक्त प्रयोग प्रसिद्ध केला. मनोऱ्यावरील ध्रुवित दिव्याची प्रतिमा 1.3 किलोमीटरवरून, खऱ्या धुक्यातून, घेण्यात आली. बार्थोलिनने पाहिलेल्या द्विप्रणमनावरच आधारलेल्या वोलास्टन लोलकाने दोन्ही प्रतिमा एकाच क्षणी टिपल्या.

तथापि मर्यादा स्पष्ट आहे. येथे दिवा मुद्दाम ध्रुवित केलेला होता. वाटेल त्या वस्तूस हे लागू पडत नाही. शिवाय धुके दाटेल तसा सरळ येणारा प्रकाश झपाट्याने क्षीण होतो. ध्रुवण त्यास ओळखू शकते. निर्माण करू शकत नाही. उत्तरेकडील धुक्याने सेवाग्राम जंक्शनवर गाड्या उशिरा येतात, तेव्हा या भेदाचे मोल कळते: सिग्नलच्या दिव्यास अशी खूण देता येईल, रुळावर उभ्या असलेल्या माणसास नाही.