हिममंचाचे तळवितळण

हिममंचाचे तळवितळण : किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणारा जाड हिमथर (हिममंच) खालच्या उबदार पाण्याने वितळण्याची प्रक्रिया. अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात परिध्रुवीय खोल जलराशी (पहा : महासागरी प्रवाह) सागरतळावरील घळ्यांतून पाइन आयलंड व थ्वेट्स हिमनद्यांखाली शिरते. तिचे तापमान जेमतेम १° से. असते, पण खारेपणा व दाब यांमुळे तेथील गोठणबिंदू त्याहून सु. ३° ते ४° से. खाली असतो. वितळलेले गोडे पाणी हलके असल्याने हिमाच्या तळउताराने वर चढते व त्याच्या ओढीने नवे उबदार पाणी आत येते. तरंगत्या बर्फाच्या वितळण्याने समुद्रपातळी फारशी वाढत नाही. मात्र हिममंच पातळ होताच मागील हिमनदीचा अडसर सुटतो आणि जमिनीवरील बर्फ वेगाने समुद्रात उतरतो. थ्वेट्सचा सर्व बर्फ गेल्यास समुद्रपातळी सु. ६५ सेंमी. वाढेल (पहा : हिमनदी).