चाकांवरचा संसार : बीड जिल्ह्यातील ऊसतोड बैलगाडीची मालकी, खर्च आणि वास्तव

प्रस्तावना :

घर आणि वाहन या सर्वसाधारणपणे दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. तथापि काही श्रमिक समूहांच्या जीवनात हा भेद उरत नाही. मालवाहू नावेवर पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबे, बैलांच्या तांड्याबरोबर फिरणारे लमाण आणि बैलगाडीत संसार भरून साखर कारखान्याच्या वाटेला लागणारा ऊसतोड मजूर ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा समूहांच्या दृष्टीने वाहन हे उपजीविकेचे साधन असते, संपत्ती असते आणि वर्षातील काही महिने निवाऱ्याचा आधारही असते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यांच्या मजुरीविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु गाडी व बैल बाळगण्यासाठी त्यांना कोणती किंमत मोजावी लागते, या प्रश्नाकडे स्वतंत्रपणे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

बीड जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीचा, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी हा पट्टा प्रामुख्याने बालाघाटच्या डोंगररांगांतील हलक्या व उथळ जमिनीचा आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा असल्याने खरिपाचे एक पीक हाती आले की पुढील काळासाठी काम शोधणे हा येथील रिवाज बनला. याच भागात लमाण व वंजारी समाजाची वस्ती मोठी आहे. मोगल व मराठा काळात धान्य आणि मीठ यांची वाहतूक बैलांच्या तांड्यांवर अवलंबून होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्के रस्ते आल्यावर हा व्यवसाय मोडकळीस आला. बैल राहिले, परंतु त्यांच्या पाठीवर लादावयाचा माल नाहीसा झाला.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सिंचन आणि उद्योग या दोन्ही बाबतींत तो मागे राहिला. बीड शहरात रेल्वे पोहोचण्यास तर २०२५ साल उजाडावे लागले. याउलट शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगास संरक्षण मिळाल्यावर खाजगी कारखानदारीस बळ आले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची साखळीच निर्माण झाली. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखान्याच्या वेळापत्रकाशी घट्ट बांधलेली असावी लागते. असे बांधील मनुष्यबळ बालाघाटाच्या कोरडवाहू गावांत उपलब्ध होते. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतरास अधिकच गती मिळाली.

गाडीचे प्रकार आणि मालकीचे स्वरूप :

ऊसतोड व्यवस्थेत नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणना अवजाराच्या नावाने व्हावी, ही बाब पुरेशी बोलकी आहे. वाहतुकीच्या पद्धतीनुसार मजुरांचे मुख्य प्रकार पडतात. ‘डोकी सेंटर’वरील मजूर ऊस तोडून, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये भरतात, त्यांच्यापाशी वाहन नसते. ‘गाडी सेंटर’वरील मजुरांपाशी स्वतःचे बैल व गाडी असते. ‘टायर सेंटर’मध्ये बैल मजुराचे, तर रबरी टायरची गाडी कारखान्याची असते आणि तिचे भाडे मजुराच्या हिशेबातून वळते केले जाते.

हा बदल केवळ तांत्रिक नव्हता. लाकडी गाडी गावातील सुतार घडवी आणि लोहार तिच्या चाकांस धाव चढवी. तुंबा, आरे, कणा, जू असा तिचा प्रत्येक भाग गावातच दुरुस्त होई. बाभळीचे लाकूड परिसरात मिळे आणि मोबदला बहुधा बलुत्याच्या धान्यात दिला जाई. टायरगाडी अधिक माल वाहते आणि बैलांना ओढण्यास हलकी जाते, हे खरे. परंतु ती मजुराच्या अंगणात उभी राहत नाही. हंगाम संपताच ती कारखान्याकडे परत जाते. म्हणजे ज्या साधनाची झीज आणि जोखीम सर्वाधिक, ते जनावर मजुराकडे राहिले आणि जे साधन टिकाऊ, त्याची मालकी कारखान्याकडे गेली.

बाळगण्याचा खर्च :

बैलजोडीची खरेदी प्रायः ‘उचल’ घेऊन होते. उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमामार्फत मिळणारी आगाऊ रक्कम. ती श्रमातून फेडावयाची असते. जानेवारी २०२४ मधील करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनास सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने एक लाख रुपयांची उचल केवळ तोडणीतून फेडावयाची, तर सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. एका कोयत्याने दिवसास दोन टन ऊस तोडला असे गृहीत धरले, तरी त्यास १३६ हून अधिक दिवस लागतात आणि त्यात आजारपणाचा किंवा पावसाचा एकही दिवस धरलेला नाही. गाडीवानास वाहतुकीचा दर वेगळा मिळतो, त्यामुळे त्याची फेड काहीशी लवकर होऊ शकते. मात्र या अधिकच्या मिळकतीतूनच बैलांचा खर्च भागवावा लागतो.

हा खर्च नानाविध आहे. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकाव्या लागतात व त्या झिजल्या की पुन्हा बसवाव्या लागतात. जुवाखाली खांदे सुजतात. ते बरे होईपर्यंत गाडी उभी राहते. हंगामात उसाचे वाढे चारा म्हणून मिळते आणि उरलेले विकून रोजचा बाजारहाटही होतो. परंतु हंगामाबाहेरचे सहा महिने बैलांचे पोट गावाकडे भरावे लागते. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो, त्या वर्षी कडबा महागतो आणि जनावरांची रवानगी चारा छावणीत होते. २०१३, २०१६ आणि २०१९ या वर्षांत बीड जिल्ह्याने हे अनुभवले. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद ठेवण्यात आले, तेव्हा ऐन हंगामाच्या तोंडावर बैल विकत घेणे व ने-आण करणे दोन्ही अडचणीचे झाले.

बैल वयस्क झाल्यावर खर्चाचे स्वरूप पुन्हा बदलते. पूर्वी थकलेला बैल विकून आलेल्या पैशात भर घालून नवा बैल घेतला जाई. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्र पशुसंरक्षण (सुधारणा) अधिनियम अमलात आला आणि गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. या कायद्याच्या धार्मिक व सामाजिक बाजूंविषयी मतभेद असू शकतात. परंतु गाडीवानाच्या हिशेबवहीत त्याचा अर्थ सरळ आहे. थकलेल्या जनावराचे बाजारमूल्य घटले आणि नव्या जोडीसाठी उभारावयाची रक्कम, म्हणजे पर्यायाने उचल, वाढली.

कोपीतील जीवन :

गाव सोडताना धान्य, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या आणि लहान मुले हे सारे गाडीत मावेल एवढेच न्यावयाचे असते. पूर्वी गाड्यांची रांग मुक्काम करीत पायीवाटेने जाई. आता बैल व बिऱ्हाड बहुधा ट्रक किंवा ट्रॅक्टरने पोहोचविले जाते. कारखान्याच्या किंवा फडाच्या परिसरात बांबू, तट्ट्या व पाचट यांची ‘कोपी’ उभी राहते. तिच्या दाराशी बैल, बैलांशेजारी गाडी आणि आत चूल, असा हा संसार असतो.

गाडीवानाचा दिवस दोन पाळ्यांचा असतो. पहाटे फडावर तोडणी, दुपारी मोळ्या भरणे आणि नंतर गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत उभे राहणे. वजनकाट्यापर्यंत पोहोचण्यास रात्र होते आणि अंधाऱ्या रस्त्यावर बैलगाडीस मोटारींचे भय असते. कोपीत स्त्रीच्या वाट्यास पाणी, सरपण, स्वयंपाक आणि बैलांची देखभाल येते. शौचालय व स्वच्छ पाण्याचा अभाव, अवजड काम आणि गैरहजेरीसाठी होणारी दंडकपात यांचा परिणाम तिच्या आरोग्यावर होतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर जे सर्वेक्षण आले, त्यात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के भरते. फिरत्या संसाराच्या खर्चाचा हा असा भाग आहे, जो कोणत्याही हिशेबात नोंदविला जात नाही.

एक तुलना : इंग्लंडमधील कालव्यांवरील नावा

या संदर्भात इंग्लंडमधील अरुंद मालवाहू नावांचे उदाहरण उद्बोधक ठरते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्पर्धेमुळे कालव्यांवरील वाहतुकीचे दर घसरले. वेगळे घर आणि पगारी मदतनीस परवडेनासे झाल्याने अनेक नाविकांनी बायकामुलांसह नावेवरच बिऱ्हाड थाटले. सुमारे सत्तर फूट लांब व सात फूट रुंद नावेत राहण्याची खोली जेमतेम दहा फुटांची असे. काही नाविक स्वतःच्या नावेचे मालक होते. तथापि लाकडी नाव जुनी होत जाई तसतसा फटी बुजविणे, डांबर लावणे, तळ बदलणे यांचा खर्च वाढत जाई आणि घोड्याचा दाणावैरणही मालकाकडेच असे. त्यामुळे मालकी असूनही स्वातंत्र्य मर्यादितच राहिले.

यापुढे मात्र दोन्ही इतिहासांच्या वाटा वेगळ्या होतात. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाच्या प्रयत्नांतून १८७७ व १८८४ मध्ये कालव्यांवरील नावांविषयी कायदे झाले. त्यांनुसार नावेची निवासस्थान म्हणून नोंदणी करणे, तीत किती माणसांनी राहावे याची मर्यादा ठरविणे आणि तपासणीसाठी निरीक्षक नेमणे बंधनकारक झाले. अंमलबजावणी परिपूर्ण नव्हती; परंतु नाव हे घर आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. कोपीस अशी मान्यता आजवर मिळालेली नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बीडचा मजूर कर्नाटकात गेला तर तो त्याच्या कक्षेत येई, सांगली-कोल्हापुरात गेला तर येत नसे. हा कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितेत विलीन करण्यात आला.

समारोप :

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बैलगाडीच्या मालकीने गाडीवानास डोकी सेंटरवरील मजुरापेक्षा अधिक मिळकत दिली, परंतु त्याचबरोबर जनावराच्या आजाराची, वार्धक्याची आणि दुष्काळाची जोखीमही त्याच्या माथी मारली. दुसरी, उचलीतून घेतलेले साधन नावापुरते मालकाचे असते. त्याच्या वापराचा काळ आणि ठिकाण मुकादम व कारखानाच ठरवितो. तिसरी, घराची नोंद नसल्याने त्या घरातील माणसांचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण कोणाच्याच जबाबदारीत येत नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा आधार नोंदणी हाच आहे.

आज ऊसतोडणी यंत्रे व ट्रॅक्टर यांमुळे बैलगाडीचे प्रमाण घटत आहे. इंग्लंडमधील नावांवरील मालवाहतूक १९६३ च्या सुमारास जवळजवळ संपली, तेव्हा त्या नावा वस्तुसंग्रहालयांत आणि पर्यटनात गेल्या. बालाघाटातील गाडीला असे उत्तरायुष्य लाभण्याची शक्यता कमी आहे. म्हणूनच तिच्या जमाखर्चाची, बैलबाजारातील व्यवहारांची आणि कोपीतील दैनंदिन जीवनाची नोंद या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी वेळीच करणे अगत्याचे आहे. ज्यांचे आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात, असे विद्यार्थी त्यांच्याच वर्गांत बसलेले असतात.