आत काही ठेवू नये

कधीकाळी घरोघरी तारेत ओवून ठेवलेलं निळं आंतरदेशीय पत्र म्हणजे पोस्टकार्डाचं धाकटं भावंड, असा सर्रास समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याचं कूळ परमुलखात अडकून पडलेल्या सैनिकाच्या हवाईपत्रात सापडतं, आणि त्याची खूण पत्रावरच छापलेली असे : आत काही ठेवू नये.

हलक्या कागदाचं, घडी घालून कडा चिकटवायचं विमानपत्र 1933 साली इराकच्या टपालखात्यात निघालं. कल्पना डग्लस गंबली या अधिकाऱ्याची. जून 1940मध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली आणि इजिप्तमधल्या फौजेचं टपाल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागलं. विमानात जागा मोजकी, म्हणून 1941मध्ये दोन तोडगे निघाले. एक एअरग्राफ : पत्राचा फोटो 16 मिलिमीटरच्या फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानाने धाडायची आणि लंडनला ती पुन्हा कागदावर छापायची. दुसरा, गंबलीच्याच धर्तीचं घडीचं पत्र. गाजला एअरग्राफ, पण यंत्रांवाचून त्याचं पान हलत नव्हतं आणि 1945मध्येच तो निर्वंश झाला. सैनिक मात्र अजून परदेशातच होता. घरी परतायला जहाजं अपुरी, फौजेतून सुटकेचे गट वय आणि नोकरीच्या हिशेबाने ठरलेले. जानेवारी 1946मध्ये कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाईदलाच्या जवानांनी याच दिरंगाईपायी काम बंद पाडलं. लढाईच्या धामधुमीत खुशालीच्या चार ओळींत भागतं. पण घरून 'कधी येणार' अशी विचारणा आली की उत्तराला जागा लागते, आणि ते फोटो काढणाऱ्याच्या नजरेखालून जायला नको असतं. घडीचं पत्र टिकलं ते यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

घडीचं पत्र तर लिफाफ्याहून जुनं, असा आक्षेप कुणी घेईल. इंग्लंडात मलरेडी या चित्रकाराची छापील घडीपत्रं 1840मध्येच निघाली होती हे खरं. पण तिथे हिशेब अर्ध्या औंसाच्या वजनाचा होता. त्यात बसत असेल तर आत आणखी एक चिठ्ठी घालायला हरकत नव्हती. नुसती घडी सारखी म्हणून कूळ एक होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पत्र लिफाफ्यापेक्षा स्वस्त, म्हणून आत काही ठेवायला बंदी. मात्र स्वस्ताई राखायला वजनाची मर्यादा पुरली असती, लिफाफ्याला ती आहेच. सरसकट बंदी तिथेच सुचते, जिथे प्रत्येक पत्राचं वजन आधीच पक्कं करून पोत्याचा अंदाज बांधायचा असतो. म्हणजे विमानात.

आंतरदेशीय पत्राला विमानाशी काय घेणं, असं विचारणाऱ्यांनी तारखा जुळवून पाहाव्यात. 1949मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पोती बदलत आणि परत फिरत. त्याच वर्षापासून देशातली साधी पत्रंही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. आंतरदेशीय पत्र निघालं ते त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1950ला. युद्धात फौजी टपाल सांभाळायला टपालखात्याचीच माणसं गेली होती. माझा अंदाज असा की हवाईपत्राचा नमुना त्यांच्याच हातून खात्यात आला, आणि ती ताकीदही.