घरातील वैद्यकीय यंत्रांवर किती विश्वास ठेवावा?

ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, रक्तदाबाचे यंत्र आता अनेक घरांत असते. यंत्रावर विसंबून माणूस निर्णय कसे घेतो, याचा अभ्यास अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले राजा परसुरामन यांनी केला. व्हिक्टर रायली यांच्यासह १९९७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलेल्या दोन चुका रुग्णांनाही लागू पडतात.

अतिविश्वास: आकडा दिसला की बाकीचे तपासले जात नाही. फळ हाताळून न धुतलेल्या बोटातून रक्त घेतल्यास साखर खोटीच जास्त दिसू शकते. त्यावरून इन्सुलिन वाढवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अविश्वास: खोटे इशारे वारंवार वाजले की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

काय करावे?
• अनपेक्षित आकडा आल्यास हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा.
• ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी नेलपॉलिश काढा. बोटे गार असल्यास ऊब द्या.
• डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डोस बदलू नका.
• आकडा ठीक असूनही दम लागणे, छातीत दुखणे किंवा गुंगी येणे असा त्रास होत असेल, तर थांबू नका. त्वरित रुग्णालयात जा.