जुन्या स्पोर्ट्सकारचे पुनरुज्जीवन : चॅसी व ब्रेक

जुन्या स्पोर्ट्सकारची मूळ चॅसी व ब्रेकयंत्रणा सुरक्षित चालण्याजोगी करण्याचे काम. दिल्लीत १९६४ पासून होणाऱ्या स्टेट्समन रॅलीमुळे तिथे या कामाची परंपरा टिकून आहे.

एमजी टीसी (१९४५–४९) या ब्रिटिश गाडीत शिडीसारख्या पोलादी चॅसीवर लाकडी सांगाड्याची बॉडी बसवलेली असते. बॉडी उतरवून चॅसीचे कर्ण मोजतात. दोन्ही समान नसतील तर ती तिरकी झालेली असते आणि रंगकामाआधी सरळ करावीच लागते. मग वाळूच्या फवाऱ्याने गंज काढून, कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करतात.

टीसीच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रमब्रेक असतात. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. म्हणून वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजतात. त्यांत स्लीव्ह बसवून रबरी सील, होज व नळ्या बदलणेच योग्य; इथली काटकसर जिवावर बेतू शकते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये.

दुरुस्ती करताना कायद्याचाही विचार करावा लागतो. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये निर्बंध घातले. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी दिली. मात्र चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी या नोंदणीला अपात्र ठरते. म्हणूनच मूळ चॅसी टाकून नवी घालण्यापेक्षा तीच दुरुस्त करणे श्रेयस्कर. ‘व्हीए’ नोंदणीच्या गाडीला रोजच्या वापराची परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभालीसाठीच ती रस्त्यावर आणता येते.